दूध पावत्या, पंचगंगा आणि फासे: स्प्रेडशीटवर सांख्यिकी पहिल्यापासून कशी शिकावी

बी.कॉम.ला सांख्यिकीत मला ६२ मार्क होते. प्रमाण विचलनाचं, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती हलतात त्याचं, सूत्र झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. एका संध्याकाळी आबा डेअरीत दूध घालून आले, पावती माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "परवा फॅट सात-तीन लागली, आज सहा-आठ. म्हशीत बिघाड हाय का मशीनीत? तू शिकलीयास न्हवं, सांग की." मला सांगता आलं नाही. सूत्र पाठ होतं, पण ते नेमकं असल्याच प्रश्नासाठी असतं हे डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

पुढं नोकरीत कामापुरतं स्प्रेडशीट आलं. मग एका पावसाळ्यात बसून मी सगळी सांख्यिकी पहिल्यापासून शीटवर करून पाहिली. आता रविवारी गल्लीतली चार-पाच पोरं येतात, त्यांनाही तसंच शिकवते. हा लेख त्यांच्यासारख्यांसाठी आहे: कॉमर्सवाले, बी.ए.-बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, किंवा गणिताला भिऊन पंधरा वर्षं लांब राहिलेले. दहावीचं गणित पुरतं.

नियम एकच, आणि तो मोडला तर बाकी सगळं वाया जातं: एंटर दाबायच्या आधी उत्तराचा अंदाज वहीत लिहायचा. पेननं. खोडायचा नाही.

## काय काय लागेल

- लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. मोबाईलवर शीट उघडतं, पण दोनशे ओळी सूत्र खाली ओढायचं म्हणजे अंगठ्याला शिक्षा.
- गूगल शीट्स, लिब्रेऑफिस कॅल्क किंवा एक्सेल, यांतलं काहीही. पहिली दोन फुकट आहेत. खालची सूत्रं तिन्हीकडं चालतात.
- निदान दहा दिवसांच्या दूध पावत्या. घरी जनावर नसेल तर ओळखीत कुणाच्या तरी असतातच, हे कोल्हापूर आहे. अगदीच नाही मिळाल्या तर घरापासून कॉलेजपर्यंत रोज किती मिनिटं लागली ते महिनाभर लिहून ठेवा.
- पावसाळा असेल तर पेपरात येणारी पंचगंगा नदीची पातळी.
- एक चाळीस पानी वही, फक्त अंदाजांसाठी.

सूत्रांची नावं मी इथं देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये ती इंग्रजी अक्षरांत टाईप करायची, आणि आधी बरोबरचं चिन्ह द्यायचं.

## १. आकडे स्वतःच्या हातानं भरा

नेटवरून तयार आकड्यांची फाईल उतरवायचा मोह होईल. पहिल्या महिन्यात नको. स्वतः भरलेल्या आकड्यात काही विचित्र दिसलं की हात थांबतो: "थांब, त्या दिवशी तर पाऊस होता, वैरण ओली होती." उतरवलेल्या फाईलमध्ये असं कुणाला काही आठवत नाही.

एक ओळ म्हणजे एक पावती. रकाने असे: ए तारीख, बी सकाळ-संध्याकाळ, सी जनावर, डी लिटर, ई फॅट, एफ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), जी दर. पहिली ओळ नावांची. मध्ये रिकामी ओळ नको, दिवसाची बेरीज नको, रंगीबेरंगी पट्ट्या नकोत, आणि दोन घरं (सेल) जोडून एक करणं तर अजिबात नको. तो दिसायला सुंदर तक्ता नंतर सूत्रांना नीट वाचता येत नाही.

पावती थर्मल कागदाची असते. खिशात, उन्हात राहिली की अक्षरं उडतात. आल्याबरोबर फोटो काढा. आमच्या एका आठवड्याच्या पावत्या मी खिडकीत ठेवून कोऱ्या करून घेतल्या आहेत.

## २. अंक खरंच अंक आहेत का, ते बघा

नवखी माणसं सगळ्यात जास्त इथंच अडकतात आणि वाटतं सांख्यिकी अवघड आहे. सांख्यिकी अजून सुरूही झालेली नसते.

अंक इंग्रजी कीबोर्डवरून टाका. "६.८ लि." असं एकक चिकटवून लिहिलं की तो मजकूर झाला, सरासरीचं सूत्र त्याला गुपचूप वगळतं, तक्रारसुद्धा करत नाही. ओळख सोपी आहे: काही न बदलता अंक घरात उजवीकडं चिकटतो, मजकूर डावीकडं. रकाना नुसता डोळ्यांनी खाली तपासला तरी डावीकडं सरकलेला एखादा सापडतो.

टिंबाऐवजी आडवी रेघ दिली, म्हणजे ६-८, तर शीट त्याची तारीख करून टाकतं. गूगल शीट्समध्ये फाईलच्या सेटिंगमध्ये देश भारत आहे का तेही बघून घ्या. अमेरिका असेल तर ५ जुलैचं ७ मे होतं आणि कुणाला कळतही नाही.

दूध घातलं नाही त्या वेळेला शून्य लिहू नका, घर रिकामं सोडा. रिकामं घर सरासरीत धरलं जात नाही, शून्य धरलं जातं.

आणि आमच्याकडची खास भानगड. एका पोरानं अर्ध्या ओळींत "म्हैस" आणि अर्ध्यांत "म्हस" लिहिलं होतं. काउंटइफ (अटीत बसणारी घरं मोजणारं सूत्र) लावलं तर निम्मी जनावरं गायब. शब्दाच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली तरी तेच होतं. म्हणून सी रकान्याला ड्रॉपडाऊन लावा, दोनच पर्याय ठेवा.

## ३. सरासरी काढा, आणि तिच्यावर संशय घ्या

समजायला सोपं म्हणून तीन दिवसांच्या बाराच पावत्या घेऊ. म्हशीची फॅट ई२ ते ई७: ७.१, ६.८, ७.३, ६.९, ७.०, ६.९. गाईची ई८ ते ई१३: ३.८, ३.९, ३.७, ३.८, ४.०, ३.६.

वहीत अंदाज लिहिला? मग =अ‍ॅव्हरेज(ई२:ई१३) द्या. उत्तर ५.४.

आता गोठ्यात जाऊन ५.४ फॅटचं दूध देणारं जनावर शोधा. नाही सापडणार. म्हशीची सरासरी ७.०, गाईची ३.८, आणि ५.४ हा आकडा दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेत उभा आहे. "सरासरी फसवते, मध्यक घ्या" असा सल्ला सगळे देतात. (मध्यक म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर बरोबर मधे येणारा.) घ्या: =मीडियन(ई२:ई१३). तोही ५.४. या गोठ्यात दोघंही फसवतात. खरं सांगतो तो आयतालेख (हिस्टोग्राम), म्हणजे कुठल्या टप्प्यात किती आकडे पडले ते दाखवणारे खांब. ई रकाना निवडून चार्टमधून तो काढा. दोन वेगळे ढीग दिसतील आणि मध्ये मोकळं मैदान. म्हणून माझा क्रम असा: आधी चित्र, मग सरासरी. पुस्तकात उलटा असतो.

मध्यकाचा खरा उपयोग दुसरीकडं आहे. ई२ मध्ये ७.१ चं टिंब विसरल्यासारखं ७१ टाका आणि फक्त म्हशीचे सहा आकडे घ्या. सरासरी ७.० वरून १७.६५ वर उडते. मध्यक आधी ६.९५ होता, आताही ६.९५च. एका चुकीच्या बोटानं सरासरीची वाट लागते, मध्यक जागचा हलत नाही. मी आता कुठलाही रकाना हातात आला की दोन्ही काढते. फार अंतर दिसलं तर आधी टायपिंग तपासते.

दोन्ही दुधं एकत्र केली तर मिश्रणाची फॅट किती, हा वेगळा प्रश्न आहे. गाईचं ८ लिटर आणि म्हशीचं ४ लिटर असेल तर ५.४ येत नाही, लिटरचं वजन धरावं लागतं: (८ गुणिले ३.८ अधिक ४ गुणिले ७.०) भागिले १२, म्हणजे ४.८७. शीटमध्ये हे समप्रॉडक्टनं होतं, ते दोन रकाने ओळीनं गुणून बेरीज करतं.

सापळा: सूत्रातल्या ओळी. नव्या पावत्या खाली भरल्या आणि सूत्र ई१३ वरच थांबलं, असं हमखास होतं. याची लाज वाटून घेऊ नका. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नावाजलेल्या अर्थतज्ज्ञांचा सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा २०१० चा निबंध जगभर गाजला होता. त्यांच्या एक्सेल फाईलमध्ये सरासरीचं सूत्र ओळ ३० ते ४९ ऐवजी ३० ते ४४ एवढंच पसरलं होतं. पाच देश बाहेर राहिले. त्यात इतरही दोष निघाले, पण हा एक शाळकरी पोरालाही कळेल असा होता. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्यानं त्यांची फाईल मागवून तो पकडला. सूत्राच्या घरावर दोनदा क्लिक करा, रंगीत चौकट कुठपर्यंत जाते ते दिसतं. प्रत्येक वेळी करा.

## ४. प्रमाण विचलन: सूत्र न वापरता बांधा

इथं घाई करायची नाही. एक अख्खा रविवार द्या.

फक्त म्हशीचे सहा आकडे. शेजारच्या रकान्यात प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा: ०.१, उणे ०.२, ०.३, उणे ०.१, ०, उणे ०.१. (सरासरीच्या घराला डॉलरचं चिन्ह लावायला विसरू नका, नाहीतर सूत्र खाली ओढताना तेही घसरत खाली जातं.) या फरकांची बेरीज किती येईल? अंदाज लिहा. शून्य येते, कायमच येते, कारण सरासरीचा अर्थच तो आहे. शीटमध्ये शून्याऐवजी शेवटी ई-१६ (म्हणजे शून्याला जवळजवळ चिकटलेला) असलेला एखादा चमत्कारिक आकडा दिसला तर घाबरू नका. कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक आतून द्विमान पद्धतीत ठेवतो, त्यातली ती बारीकशी कसर आहे.

फरकांची बेरीज शून्य होते म्हणून त्यांचे वर्ग करायचे. तिसऱ्या रकान्यात वर्ग: ०.०१, ०.०४, ०.०९, ०.०१, ०, ०.०१. बेरीज ०.१६. हिला ५ नं भागून वर्गमूळ काढलं की ०.१८. सहानं भागून काढलं की ०.१६. आता तयार सूत्रं देऊन बघा: एसटीडीईव्ही टिंब एस म्हटलं की पहिलं उत्तर येतं, एसटीडीईव्ही टिंब पी म्हटलं की दुसरं.

पाच की सहा, यावर पोरं भांडतात. तुमच्याकडं म्हशीच्या आयुष्यातल्या सगळ्या पावत्या असतील तर सहा, म्हणजे पी. हा नुसता नमुना असेल तर पाच, म्हणजे एस. सरासरीही याच सहा आकड्यांतून काढली आहे, त्यामुळं फरक खऱ्यापेक्षा थोडे लहान पडतात. एकानं कमी भागून ती तूट भरून काढायची. रोजच्या कामात जवळजवळ नेहमीच एस लागतो.

आणि आबांना उत्तर मिळालं. म्हशीची सरासरी ७.०, आणि साधारण ०.१८ एवढी हालचाल रोजचीच. सहा-आठ म्हणजे सरासरीपासून ०.२ खाली, एका विचलनाच्या जरासं पलीकडं. असं अधूनमधून होणारच. ना म्हशीत बिघाड, ना मशीनीत. सात-तीन मात्र दीड विचलनापेक्षा वर होती. जास्त नवल त्या दिवशी वाटायला हवं होतं, पण जास्त लागली की कुणी विचारत नाही.

गाय-म्हैस एकत्र करून विचलन काढलं तर १.६८ येतं. या आकड्यानं चाललो तर म्हशीची फॅट पाच-पाच लागली तरी "चालतंय" म्हणावं लागेल. गट वेगळे न करता विचलन काढलं की खरोखरचा बिघाड झाकला जातो.

## ५. नदी: सरासरी जिथं कामाची नाही

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात हे दोन आकडे कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती.

भरताना पहिला खड्डा फूट-इंचाचा. "४१ फूट ७ इंच" म्हणजे ४१.७ नव्हे, सात इंच म्हणजे ०.५८ फूट. आणि ४१ फूट १० इंचाचं ४१.१० लिहिलंत तर ते शीटला ४१.१ दिसतं, म्हणजे नऊ इंचाच्या ४१.९ पेक्षा कमी. पाणी चढत असताना तुमचा आलेख उतरतो. फूट एका रकान्यात, इंच दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात फूट अधिक इंच भागिले १२.

मग काउंटइफनं ३९ च्या वरचे दिवस मोजा, मॅक्सनं सर्वांत वरची पातळी काढा, रेषालेख काढा. जून ते सप्टेंबरची सरासरीही काढा, आणि व्हीनस कॉर्नरला दुकान असलेल्या माणसाला ती सांगून बघा. त्याला सरासरीशी काय घेणं? त्याला टोक हवं. जिल्ह्याच्या सरासरी पावसाचंही तेच: गगनबावड्यात कोसळतो, शिरोळला त्याच्या तुलनेत नावापुरता, सरासरीएवढा पाऊस भोगणारं गाव शोधत फिरावं लागेल.

## ६. सहसंबंध, पण आधी ठिपके

डी रकान्यातले लिटर आणि ई मधली फॅट यांचा विकिरण आलेख (स्कॅटर) काढा, मग =कोरेल. दोन रकाने किती जोडीनं हलतात ते हे सूत्र उणे एक ते एक यांमधल्या आकड्यात सांगतं. माझ्या सगळ्या पावत्यांवर उणे एकाच्या जवळचा आकडा आला आणि पोरं एका सुरात म्हणाली, "दूध वाढलं की फॅट घटते." ठिपके बघा म्हटलं. एक ढीग गाईचा, खाली, जास्त लिटरचा. एक म्हशीचा, वर, कमी लिटरचा. नुसत्या म्हशीच्या पावत्या घेतल्या तर संबंध जवळजवळ उरलाच नाही. तो आकडा दूध आणि फॅटचा नव्हताच, गाय आणि म्हशीचा होता.

फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार छोटे संच मांडले. चारही संचांत एक्सची सरासरी ९, वायची साधारण ७.५, सहसंबंध ०.८२ च्या आसपास. चित्र काढलं तर एकात साधा चढ, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात सरळ रेघ आणि एक चुकार ठिपका, चौथ्यात उभा खांब आणि लांब एकटा ठिपका. ते आकडे शोधून स्वतः भरा, अर्ध्या तासाचं काम आहे.

नदीवरही एक गंमत करा. गगनबावड्याचा त्याच दिवसाचा पाऊस आणि बंधाऱ्यावरची पातळी यांचा सहसंबंध काढा. मग पातळीचा रकाना एक दिवस सरकवून पुन्हा काढा. वरचं पाणी खाली यायला वेळ लागतो, तो किती ते तुमच्या आकड्यांना विचारा.

## ७. फासे टाका

नमुना (हाती आलेले थोडे आकडे) आणि समष्टी (असू शकणारे सगळे आकडे) हे शब्द इथं समजतात, व्याख्येतून नाही. नव्या शीटवर ए ते ई या पाच रकान्यांत २०० ओळी =रँडबिटवीन(१,६) भरा. प्रत्येक ओळ म्हणजे पाच फासे. एफमध्ये ओळीची सरासरी, आणि एफचा आयतालेख. एका फाशाचा आलेख सपाट असतो. पाचांच्या सरासरीचा मध्ये फुगतो, ३.५ भोवती, दोन्ही बाजूंना उतरता.

एफचं प्रमाण विचलन ०.७६ च्या आसपास येईल. आता पाचाऐवजी वीस फासे घेतले, चौपट, तर विचलन किती होईल? वहीत लिहा. बहुतेक जण चौथा हिस्सा लिहितात. येतं निम्मं, ०.३८ च्या आसपास, कारण भागायचं ते वर्गमुळानं. नमुना चौपट करावा तेव्हा अचूकता दुप्पट होते. सर्व्हे करणाऱ्यांचा खर्च का वाढतो ते कळलं.

सापळा: शीटमध्ये काहीही टाईप केलं की हे फासे पुन्हा पडतात आणि तुम्ही वहीत लिहिलेलं उत्तर पडद्यावर राहत नाही. ठेवायचं असेल तर कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त किमती चिकटवा.

(मध्येच एक सांगते. पुणे विद्यापीठातला सांख्यिकी विभाग उभा करणारे वसंत शंकर हुजुरबाजार यांचा जन्म कोल्हापुरातला, १९१९ चा. आमच्या पोरांपैकी एकालाही नाव माहीत नव्हतं.)

## ८. पेंडीचा फरक की नशिबाचा?

दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणाऱ्या टी-टेस्टचं तयार सूत्र शीटमध्ये आहे. पहिल्या फेरीत त्याला हात लावू नका. उत्तर येईल आणि डोक्यात काही शिरणार नाही. त्याऐवजी पत्ते पिसल्यासारखं पिसा.

आम्ही म्हशीला एक आठवडा सरकी पेंड आणि एक आठवडा स्वस्तातली गोळी पेंड घातली. पेंड बदलल्यावरचे सुरुवातीचे चार दिवस मोजणीत धरले नाहीत, तेवढा वेळ पोटाला लागतो. सरकीच्या आठवड्याची सरासरी फॅट ०.१ नं जास्त भरली. आता एका रकान्यात फॅट, दुसऱ्यात पेंडीचं नाव, तिसऱ्यात =रँड(). पेंडीचं नाव आणि रँड एवढे दोनच रकाने निवडून रँडनुसार क्रम लावा, फॅट जागेवर राहू द्या. नावं पिसली गेली, म्हणजे पेंडीचा फॅटशी संबंध मुद्दाम तोडला. अ‍ॅव्हरेजइफनं (अटीत बसणाऱ्या ओळींचीच सरासरी) दोन सरासऱ्या काढून फरक वहीत लिहा. पुन्हा पिसा. असं तीस वेळा.

संबंध तोडलेला असतानाही तीसपैकी किती वेळा ०.१ किंवा त्याहून मोठा फरक आला? पुस्तकातली पी-किंमत म्हणजे हाच हिशोब. आमच्याकडं अकरा वेळा आला. आबांना सांगितलं, की एवढा फरक नुसत्या पिसण्यातूनही सहज येतोय.

"म्हंजे स्वस्तातलीच आणायची," आबा म्हणाले.

फरक नाही असं सिद्ध झालेलं नाही, एवढ्या पावत्यांत तो दिसला नाही इतकंच, आणि आणखी दोन महिन्यांचे आकडे लागतील, हे मी सांगेपर्यंत ते पाटी घेऊन गोठ्यात पोचले होते.